राजा ठरतो तलवारीने, चेकवर सह्या मात्र दोन

१ मे १९६६. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका घराच्या परसात काही तरुण मंडळी जमली होती. बरेचसे विद्यार्थी, अद्भुतकथा आणि विज्ञानकथांचे वेडे, मध्ययुगीन इतिहासाचा नाद लागलेले. तलवारी लाकडी, तोंडावर फेन्सिंगचे जाळीदार मुखवटे. दुपारभर लढती झाल्या आणि शेवटी सगळी वरात टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यूवरून निघाली. त्या काळात बर्कलीत कशाचा ना कशाचा निषेध चाललेलाच असे. या मंडळींनी थेट विसाव्या शतकाचाच निषेध केला.

प्रकरण तिथेच संपलं असतं तर आज कुणाला आठवलंही नसतं. पण लोकांना पुन्हा लढायचं होतं, आणि परस पुरेना. सार्वजनिक उद्यान मागायला गेलं की अर्ज कुठल्या संस्थेचा, हे सांगावं लागतं. त्या अर्जापायी एक नाव शोधलं गेलं: सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम, थोडक्यात एससीए. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली ना-नफा संस्था म्हणून तिची रीतसर नोंदणी झाली. आज तिची २० ‘राज्यं’, म्हणजे मोठ्या प्रादेशिक शाखा आहेत, त्यांत युरोप आणि ऑस्ट्रेलियाही येतात. कोविडच्या आधी वर्गणी भरणारे सदस्य ३०,००० च्या आसपास होते.

चिलखत घालून तलवारीने लढायच्या स्पर्धा भरवणारी सदस्य-संस्था हे नक्की काय प्रकरण असतं, हे समजून घ्यायला एससीएसारखं उदाहरण नाही. साठ वर्षांचे प्रयोग, भांडणं आणि दुरुस्त्या तिच्या गाठीशी आहेत. बघणाऱ्याला दिसतात त्या ढाली आणि झेंडे. संस्था टिकते ती मात्र फटका लागला हे कोण ठरवणार, इथपासून चेकवर सही कुणाची, इथपर्यंतच्या कंटाळवाण्या प्रश्नांच्या उत्तरांवर.

आधी तलवार. एससीएच्या चिलखती लढतीत ती वेताची असते. ज्याच्या आपल्याकडे खुर्च्या आणि झोपाळे होतात तोच वेत, फक्त भरपूर जाड: व्यास किमान सव्वा इंच, म्हणजे जवळपास ३२ मिलिमीटर. साधा लाकडी दांडा मोडला की त्याचं टोक सुळ्यासारखं होतं आणि शिरस्त्राणाच्या फटीतून आत जाऊ शकतं. वेत असा कडकन मोडत नाही. तो तंतू तंतू होऊन पिंजतो, आणि पिंजायला लागला की हाताला आधीच कळतं. वजनही खऱ्या तलवारीच्या जवळ जातं. या दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळतात आणि धार कुठे आहे हे दिसावं म्हणून एका अंगाने वेगळ्या रंगाची पट्टी ओढतात. गोल दांड्याला धार कुठली, असं वाटेल. पण त्या पट्टीच्या बाजूने बसलेला फटकाच धरायचा, चपटा बसला तर सोडून द्यायचा.

लढतीआधी मार्शल प्रत्येकाचं सामान तपासतो. मार्शल म्हणजे इथला मैदान सांभाळणारा आणि सुरक्षेचा जाब देणारा माणूस. शिरस्त्राणाचा पत्रा १६ गेजपेक्षा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटरपेक्षा पातळ चालत नाही. तोंडासमोरच्या गजांमधून एक इंच जाडीचा दांडा आत जाता कामा नये. हनुवटीखाली पट्टा हवा, आत गादी हवी. मार्शल शिरस्त्राण धरून चांगलं हलवून पाहतो, कारण डोक्यावर गरगर फिरणारं शिरस्त्राण घातलेला माणूस निम्मा आंधळा असतो. मान, कोपरं, गुडघे, मूत्रपिंडाची जागा, जांघ आणि हात झाकलेले असायलाच हवेत.

यातले आकडे एकमेकांत कसे बसवले आहेत ते बघा. गजांमधली फट एक इंचाहून कमी, तलवार सव्वा इंचाहून जाड. म्हणजे डोळ्याला इजा होऊ नये म्हणून खेळाडूच्या समजूतदारपणावर भिस्तच ठेवलेली नाही. तलवार आत शिरणारच नाही. सुरक्षेचा नियम असा असावा. ‘खेळाडूंनी काळजी घ्यावी’ असं लिहिणाऱ्या नियमावल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्या कोण वाचतं तेही आपल्याला ठाऊक आहे.

नव्या माणसाला लगेच स्पर्धेत उतरू देत नाहीत. त्याने आधी मार्शलांसमोर लढून दाखवायचं. तो जिंकतो की हरतो याच्याशी मार्शलांना देणंघेणं नसतं. नियम ठाऊक आहेत का, फटका बसला की मान्य करतो का, आणि कुणीही ‘होल्ड!’ अशी हाक दिली की जागच्या जागी थबकतो का, एवढंच ते पाहतात. पास झाला तर परवानगीचं कार्ड मिळतं. ही पद्धत खर्चाच्या मानाने फार मोठं काम करते, कारण उद्या काही विपरीत घडलं तर ‘या माणसाला उतरवलं कुणी आणि कशाच्या आधारावर’ याचं लेखी उत्तर संस्थेकडे तयार असतं.

आता फटका. दोघं ढालीआडून एकमेकांभोवती फिरतायत. एकाची तलवार दुसऱ्याच्या मांडीवर धप्पकन बसते. मार्शल गप्प उभा. ज्याला लागलंय तो क्षणभर थांबतो, ‘चांगला होता’ म्हणतो आणि मुकाट गुडघ्यांवर बसतो. पाय गेला. आता उरलेली लढत तो गुडघ्यांवरून लढणार. हातावर लागला असता तर तो हात पाठीमागे घ्यावा लागला असता. डोक्यावर किंवा धडावर नीट बसला तर मेला. मग आडवं पडायचं, आणि बरेच जण ते मोठ्या हौसेने, नाटकातल्यासारखे पडतात. गुडघ्याखाली आणि मनगटापुढे मारायला बंदी आहे.

फटका पुरेसा जोरदार होता का, हे ज्याला लागला तोच ठरवतो. त्यासाठीची फूटपट्टीही ठरलेली आहे: अंगावर खरं चिलखत कुठलंही असो, प्रत्येकाने कड्यांचं चिलखत आणि नाकपट्टीचं, उघड्या तोंडाचं शिरस्त्राण घातलंय असं समजायचं, आणि या फटक्याने त्याच्या आत इजा झाली असती का, हे स्वतःला विचारायचं. म्हणजे कुणी दोन लाख रुपये खर्चून पोलादी पत्र्यात स्वतःला बंद करून घेतलं, तरी तो कमी मरणार नाही. गरीब विद्यार्थी आणि पैसेवाला इंजिनिअर एका पातळीवर येतात. सदस्य वाढवायचे असतील तर असला नियम जाहिरातीपेक्षा जास्त कामाचा.

भाबडेपणा वाटतो ना? पण या पद्धतीने एक मोठा प्रश्न सोडवला आहे. पंच नेमून प्रत्येक फटका मोजायचा म्हटलं तर एका वेळी चार-सहा माणसंच लढवता येतात. फटका ज्याचा त्याने मान्य करायचा म्हटलं की एका मैदानात हजारावर माणसं उतरवता येतात. पेनसिल्व्हेनियात १९७२ पासून ‘पेन्सिक वॉर’ भरतं. पूर्वेचं राज्य विरुद्ध मध्य राज्य असा हा सामना. हरणाऱ्याला पिट्सबर्ग शहर मिळतं, असा तिथला जुना विनोद आहे. उन्हाळ्यातले दोन आठवडे १०,००० च्या आसपास माणसं तंबू ठोकून राहतात. एवढ्या गर्दीत मार्शल असतात ते सुरक्षेसाठी. मेला कोण, जिवंत कोण, हे ते मोजत बसत नाहीत.

फटका खाऊन न खाल्ल्यासारखं करणारे अर्थातच असतात. अशा माणसाला तिथेही गेंड्याच्याच कातडीचा म्हणतात. माझं मत असं की ही पद्धत माणसं एकमेकांना ओळखतात तोवर उत्तम चालते. गावातल्या वीस जणांत कोण खोटं खेळतो हे दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना कळतं आणि त्याच्याशी लढायला कुणी तयार होत नाही. हजारोंच्या मैदानात ओळख पुरत नाही, तिथे अशा खेळाडूला बाजूला घेऊन मार्शलला दोन शब्द सुनवावे लागतात. पण तरीही सुरुवात इथूनच करावी, कारण पंच तयार करायला वर्षं लागतात आणि नव्या संस्थेकडे तेवढा वेळ नसतो.

दुसऱ्या टोकाला आहे बुहुर्ट. इथे वेत नाही, खरं पोलाद. तलवारी, कुऱ्हाडी, गदा, सगळं बोथट केलेलं. धारेची जाडी किमान २ मिलिमीटर. भोसकायला बंदी. मानेचा मागचा भाग, जांघ, गुडघ्यांची मागची बाजू, पावलं इथे मारायचं नाही. अंगावर २५-३० किलो चिलखत, आणि ते मध्ययुगातल्या खऱ्या नमुन्यांशी जुळतं की नाही हे तपासणारी वेगळी समिती. पाच विरुद्ध पाच, बारा विरुद्ध बारा असे संघ लाकडी कुंपणाच्या आखाड्यात एकमेकांवर तुटून पडतात. इथे फटके मोजत नाहीत. दोन पावलांखेरीज अंगाचा तिसरा कुठलाही भाग जमिनीला टेकला की माणूस बाद, आणि ज्या संघाची माणसं शेवटी उभी राहतात तो संघ जिंकला. कुस्तीच्या जवळ जाणारा प्रकार आहे, आणि कुस्तीगीर त्यात चांगले चमकतात.

बुहुर्टने प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. पडलं की नाही हे सगळ्या प्रेक्षकांना दिसतं, त्यामुळे वाद कमी, आणि कॅमेऱ्यासमोर हा खेळ भन्नाट दिसतो. पण संस्थेवरचा बोजा वाढतो: आखाड्यात पंच हवेत, बाहेर डॉक्टर हवा, खेळाडूने चिलखतावर काही हजार डॉलर घालवलेले हवेत. नवी संस्था काढणाऱ्याने पहिल्या दिवशी ठरवावं ते हेच. वेत घ्यायचा की पोलाद, यावर पुढचं सगळं अंदाजपत्रक ठरतं. हातात आधी पोलाद आणि मग विम्याची चौकशी, हा क्रम महागात पडतो.

विम्याचा विषय निघालाच आहे तर पैशांकडे वळू. अमेरिकेत मराठी मंडळं ज्या करसवलतीच्या कलमाखाली चालतात, त्याच ५०१(सी)(३) खाली एससीएही येते. गणेशोत्सवासाठी शाळेचा हॉल घेताना विम्याचं प्रमाणपत्र मागतात, तोच कागद इथेही लागतो. फरक एवढाच की आपल्याकडे धोका मोदकाच्या वाफेचा असतो आणि यांच्याकडे वेताचा. हा विमा संस्थेवर कुणी दावा ठोकला तर संस्थेला वाचवण्यासाठी असतो. खेळाडूचं बोट मोडलं तर दवाखान्याचं बिल ज्याचं त्याने भरायचं. हे नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेलं बरं, नंतर बोट सुजल्यावर सांगून उपयोग नाही. म्हणून मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाकडून, तो सदस्य असो वा नसो, जोखीम आपली आपण पत्करल्याचा कागद सही करून घेतात.

‘सदस्य असो वा नसो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एससीएच्या कार्यक्रमाला यायला सदस्य असावं लागत नाही. बिगरसदस्याकडून दाराशी थोडे जास्त पैसे घेतात, इतकंच. पदाधिकारी व्हायचं असेल किंवा राजा-राणी व्हायचं असेल तर मात्र वर्गणी भरलेली हवी. १९९४ मध्ये संचालक मंडळाने हे बदलायला घेतलं: भाग घ्यायचा तर सदस्य व्हाच. सभासदांत असा गदारोळ उठला की निर्णय मागे घ्यावा लागला. वरवर पाहता मागणी रास्त होती. सगळे फायदा घेतात तर सगळ्यांनी वर्गणी का भरू नये? पण अशा छंदात माणूस आधी मित्राबरोबर बघायला येतो, दुसऱ्यांदा उसनं चिलखत घालून बघतो, आणि वर्षभराने कधीतरी वर्गणी भरतो. दारातच पावतीपुस्तक उघडलं की तो पहिल्याच वेळी परत फिरतो. शिवाय ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट राबून कार्यक्रम उभे केले, त्यांना एका ठरावाने ‘ग्राहक’ करून टाकलं की त्यांचा संताप होणारच.

आता या संस्थेतली मला सगळ्यात हुशारीची वाटलेली गोष्ट. एससीएच्या प्रत्येक राज्याला राजा असतो, आणि तो खरोखर तलवारीने ठरतो. राज्याभिषेकाच्या स्पर्धेत जो जिंकेल तो युवराज, आणि काही महिन्यांनी राजा. ज्या जोडीदाराच्या नावाने तो लढला ती व्यक्ती राणी. लढणारी बाई असेल तर उलट. बहुतेक राज्यांत कारकीर्द साधारण सहा महिन्यांची, पश्चिमेच्या राज्यात चार महिन्यांची. राजा दरबार भरवतो, पदव्या देतो, सरदारकी देतो, आणि त्याच्यासमोर लोक खरंच गुडघे टेकतात.

पण चेकवर सही त्याच्या मर्जीने होत नाही. खात्यातून पैसे काढायला दोन सह्या लागतात. राज्याचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणजे सेनेशल, त्यांच्या भाषेत दिवाण म्हणा. हिशेब एक्स्चेकर सांभाळतो, म्हणजे खजिनदार. बातमीपत्र काढणारा वेगळा, नव्यांना हाताशी धरून शिकवणारा वेगळा, बोधचिन्हं आणि नावं नोंदवणारा हेरल्ड वेगळा, आणि मार्शलांची साखळी तर वेगळीच. या सगळ्यांवर संचालक मंडळ, आणि त्याचा पत्रव्यवहार कित्येक वर्षं चालायचा तो कॅलिफोर्नियातल्या मिल्पिटासहून. बे एरियातल्या मराठी मंडळींना मिल्पिटास माहीत आहे ते देशी किराण्यासाठी. या सगळ्या राज्यांची राजधानीही तिथेच होती हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

अशी दुहेरी व्यवस्था कशासाठी? कारण चांगला लढणारा माणूस चांगला कारभारी असेलच असं नाही, आणि तरीही लढवय्यांच्या संस्थेत त्यालाच मान हवा असतो. एससीएने मान आणि कारभार यांच्या दोन खुर्च्या केल्या. मानाची खुर्ची दर सहा महिन्यांनी बदलते, त्यामुळे ती पुष्कळांना मिळू शकते आणि वाईट राजा फार काळ टिकत नाही. कारभाराची खुर्ची संथ, नियमांनी बांधलेली, आणि तिच्यावर बसायला फारशी झुंबड नसते. आपल्याकडच्या तालमी, मंडळं, क्लब बघा. जो गाजलेला खेळाडू तोच अध्यक्ष, तोच खजिनदाराला फोन करणारा, आणि दहा वर्षांनी संस्थेचं नाव आणि त्याचं नाव वेगळं काढता येत नाही.

व्यवस्था निर्दोष आहे असं नाही. संचालक मंडळावर कोण यावं, याची नावं सभासद सुचवतात, पण निवड आधीचं मंडळच करतं. लोकशाहीच्या चष्म्यातून हे खटकतं, आणि तिथल्या जुन्या सभासदांना ते आजही खटकतं. ज्यांच्याकडे मत नाही त्यांच्याकडे एकच हत्यार उरतं, ते म्हणजे आरडाओरडा. १९९४ चा गदारोळ त्यातूनच एवढा चढला. मी नवी घटना लिहायला बसलो तर निम्म्या जागा तरी सभासदांच्या मताने भरीन, आणि उरलेल्या जागी मुद्दाम वकील, हिशेबनीस आणि विमा कळणारा माणूस बसवीन.

आणखी एक गोष्ट त्यांनी ओळखली: संस्था लढवय्यांवर चालत नाही. दोनशे माणसांच्या जेवणाची भांडी कोण घासतो, पावत्या कोण जुळवतो, तंबूच्या जागा कोण आखतो, यावर ती चालते. म्हणून सगळ्यात वरच्या मानाच्या पदव्यांत लढाईची सरदारकी जेवढी मोठी, तेवढाच कलांसाठीचा ‘लॉरेल’ आणि सेवेसाठीचा ‘पेलिकन’ मोठा. पेलिकन पक्षी स्वतःच्या रक्तावर पिल्लं जगवतो, अशी मध्ययुगात समजूत होती. पंधरा वर्षं हिशेब लिहिणाऱ्या माणसाला असा पेलिकन मिळतो तेव्हा दरबारातले योद्धे उठून उभे राहतात. आपल्याकडे त्याला वर्षाअखेरीस शाल आणि नारळ मिळतो, तोही अध्यक्षांच्या भाषणानंतर, लोक जेवणाकडे वळल्यावर.

शाखा कशा वाढल्या, हे थोडक्यात. कुणी नियोजन केलं नव्हतं. १९६८ मध्ये बर्कलीतच जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथे पाहुण्यांसमोर लढती झाल्या, सोबत हे सगळं कसं करायचं याची पुस्तिका होती. पाहुणे ती घेऊन आपापल्या गावी गेले. कुणी नोकरीनिमित्त पूर्वेला गेलं, तिथे राज्य उभं राहिलं. मग नियम आले: ‘शायर’ म्हणजे सगळ्यात लहान शाखा काढायला किमान ५ सदस्य, त्याहून मोठ्या ‘बॅरनी’ला २५. उंबरठा असा खाली ठेवल्यामुळे लहान गावातल्या पाच वेड्यांनाही संस्थेचं नाव, नियम आणि विमा वापरता येतो. केंद्र शाखेला हीच गोष्ट देऊ शकतं, आणि तेवढ्यासाठीच शाखा केंद्राचं ऐकते.

बुहुर्टचा रस्ता उलटा. तिथे आधी जागतिक स्पर्धा आली आणि मग देशोदेशीचे क्लब तिच्याभोवती जमले. पहिलं ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ २०१० मध्ये युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात झालं. संघ फक्त चार: युक्रेन, रशिया, बेलारूस आणि पोलंड. पुढे वॉर्सा, मग २०१३ मध्ये फ्रान्समधलं एग-मोर्त. खेळ झपाट्याने पसरला, पण कारभार कुणी आणि कसा चालवायचा यावर एकमत नव्हतं. २०१३ मध्येच फूट पडून दुसरा आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला, आयएमसीएफ. २०१४ मध्ये एकाची स्पर्धा क्रोएशियातल्या त्रोगीरला, तर दुसऱ्याची स्पेनमधल्या बेलमोंतेच्या किल्ल्यात. एकाच वर्षी, एकाच खेळाचे दोन जागतिक विजेते. बॉक्सिंग बघणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पुढे २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. ज्यांनी एकत्र येऊन हा खेळ उभा केला, त्या पहिल्या चार संघांतले दोन देश एकमेकांशी खऱ्या शस्त्रांनी लढू लागले.

फूट टाळता येते का? नेहमी नाही. पण स्पर्धेचं नाव, नियमपुस्तिका आणि खेळाडूंची यादी कुणाच्या मालकीची, हे पहिल्या वर्षी, सगळे मित्र असताना लिहून ठेवलं तर फूट पडली तरी खेळ वाचतो. मित्र असताना लिहायला संकोच वाटतो, आणि शत्रू झाल्यावर लिहायला कुणी बसत नाही.

भारतात असं काही करायचं म्हटलं तर? शस्त्रकलेचा स्पर्धात्मक खेळ करण्याचं सगळ्यात जवळचं देशी उदाहरण म्हणजे गतका. हातात काठी, दुसऱ्या हातात छोटी ढाल, गुण देणारे पंच, आणि ‘खेलो इंडिया’त जागा. आपल्या मर्दानी खेळाकडे दांडपट्ट्यासारखं देखणं शस्त्र आहे, २०२४ मध्ये ते महाराष्ट्राचं राज्यशस्त्रही झालं, पण तो खेळ मुख्यतः प्रात्यक्षिकांवर राहिला आहे. समोरासमोर, पूर्ण ताकदीने मारायचं तर आधी शिरस्त्राणाचा गेज ठरवणारं कुणीतरी लागेल.

कायद्याची बाजूही बघून ठेवावी. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि सरकार अधिसूचना काढून ठरावीक भागात त्यांना परवाना सक्तीचा करू शकतं. महाराष्ट्रात तलवारी बाळगल्याबद्दल पकडलेल्यांच्या बातम्या आपण वाचतोच. वेत वापरला तर ही अडचण बरीच सुटते, पण पुरती नाही. सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ खाली जे मनाई आदेश निघतात, त्यांत तलवारीबरोबर लाठ्या-काठ्याही असतात. तेव्हा स्पर्धेची तारीख ठरवण्याआधी पोलिस ठाण्यात जाऊन लेखी परवानगी घ्यावी, आणि सामान दुचाकीवरून उघडं न नेता बांधून न्यावं.

नोंदणीला सात माणसं पुरतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली अर्ज केला की महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्त संस्था म्हणूनही नोंद करावी लागते. त्यापुढे पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेतला चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. तेव्हा स्पर्धा जिंकणाऱ्याला राजा म्हणा, सरदार म्हणा, सोन्याचं कडं घाला. फक्त कार्यकारिणीत त्याचं नाव घालू नका, नाहीतर दर सहा महिन्यांनी राज्याभिषेक आटोपून खजिनदाराला धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत रांग लावावी लागेल.